करड्यासाठी वेगळा प्रिंटर

सोमवती अमावस्येला जेजुरीत भंडारा उधळतात तेव्हा पायऱ्या, माणसं, पालखी, सगळं एका पिवळ्यात बुडून जातं. तो पिवळा कागदावर उतरवायचा तर प्रिंटरने भरभरून रंग द्यायला हवा आणि हळदीची ऊब लिंबाकडे झुकता कामा नये. तिथेच खांद्यावर काळं घोंगडं घेतलेला एखादा धनगर उभा असतो, पाठीमागे भरलेलं आभाळ. तो फोटो मी कृष्णधवल करतो. त्यात रंगाचा लवलेशही नको असतो, पण घोंगड्याच्या काळ्यात लोकरीचा पीळ दिसायला हवा. ही दोन कामं मी दोन वेगळ्या प्रिंटरांवर करतो आणि छपाई मनापासून करणाऱ्याला तेच सुचवतो.

रंगीत फोटोत आपली नजर बरंच सोसते. भंडारा जरा जास्त केशरी आला तरी पाहणाऱ्याला खटकत नाही, कारण शेजारचे रंगही त्याच्यासोबत सरकलेले असतात. करड्याला असा आडोसा नसतो. त्यात किंचित हिरवट झाक आली तरी ती अख्ख्या आभाळावर पसरते. साधा रंगीत प्रिंटर करडा रंग बराचसा निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे ठिपके मिसळून बनवतो. हा तोल एका प्रकाशात साधला तरी दुसऱ्या प्रकाशात ढळतो. खिडकीपाशी हिरवट वाटणारा प्रिंट रात्री पिवळ्या बल्बखाली लालसर दिसतो. भिंतीवर टांगायच्या चित्राला हे परवडत नाही.

एप्सनने 2005 साली के-थ्री शाया आणल्या, तेव्हा एका काळ्याच्या जोडीला दोन फिकट काळ्या छटा मिळाल्या आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. अमेरिकेत व्हरमाँटमधले छपाईकार जॉन कोन त्याच्याही पुढे गेले. त्यांच्या पिझोग्राफी पद्धतीत रंगीत शाया काढून त्या जागी काळ्यापासून फिकट करड्यापर्यंत सात छटा भरतात. उजळ भागात गडद शाईचे विरळ ठिपके टाकण्याऐवजी फिकट शाई दाट बसते, त्यामुळे आभाळ गुळगुळीत येतं, कणकण दिसत नाही. सावलीतही छटांच्या पायऱ्या वाढतात. घोंगड्याचा पीळ मला तिथेच सापडतो.

या शायांचा आधार कार्बन. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिल्या जात. कार्बन उजेडाला दाद देत नाही, म्हणूनच त्यांची अक्षरं आजही काळी आहेत. निव्वळ कार्बन मात्र थोडा तपकिरी दिसतो. मला तो पावसाळी सह्याद्रीला आवडतो. शहरातल्या दगडी इमारतींना तटस्थ करडाच शोभतो.

एकाच प्रिंटरमध्ये आलटून पालटून शाया बदलता येतील, असं पुष्कळांना वाटतं. करू नये. हेडमध्ये आणि नळ्यांमध्ये आधीची शाई उरते, ती धुऊन काढताना नवी महागडी शाई वाया जाते, आणि राहिलेला रंगाचा अंश नेमका फिकट करड्यात उमटतो. शिवाय कागदही वेगळे. भंडाऱ्याला मी चकचकीत किंवा लस्टर कागद देतो, कृष्णधवलला सुती मॅट. मॅट कागदाची काळी शाईसुद्धा निराळी असते.

ज्यांची छपाई सणासुदीपुरती आहे, त्यांनी मात्र दुसऱ्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. दोनतीन करड्या शाया असलेला आजचा चांगला प्रिंटर त्यांची दोन्ही कामं नीट करतो. पडून राहिलेल्या प्रिंटरचं हेड तुंबतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर फारच लवकर. माझ्या दोन्ही यंत्रांवर काम नसलं तरी दर आठवड्याला नोझल-तपासणीचा कागद निघतोच. रेघ तुटलेली दिसली तर आधी हेडची सफाई, मग फोटो.

आणि विकत घेण्याआधी दुकानदाराचा भडक फुलांचा नमुना बाजूला ठेवून आपला एक कृष्णधवल फोटो छापून मागावा. ढग असलेला, गडद सावली असलेला. शाई पुरती वाळू द्यावी, दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या उजेडात पाहावा, रात्री घरच्या दिव्याखाली पाहावा, आणि मगच पैसे मोजावेत.