एका अभंगाची वहिवाट

नांदेडात गोदावरीच्या घाटावरून गावात शिरताना ज्याच्या कानी एकीकडून भजनी मंडळाच्या टाळांचा आणि दुसरीकडून तख्त सचखंड श्री हुजूर साहिबातल्या कीर्तनाचा नाद पडतो, आणि वारकरी व शीख या दोन्ही परंपरांना एकच नामदेव शिंपी पूज्य असल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्याला एखाद्या गीताचा अस्सल आविष्कार कोणता आणि मागाहून गायलेला कोणता, हा प्रश्न निव्वळ पंडिती वाटत नाही. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने पुजली जाणारी नरसी याच मुलखातली, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली. आणि १७०८ साली ज्या ग्रंथसाहिबाला गुरू गोविंदसिंगांनी याच नांदेडात गुरुपद बहाल केले, त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. भूमी एक, वाणी एका संताची, आणि ती गाण्याच्या तऱ्हा मात्र किती भिन्न!

मराठी घरांत नामदेवांचा जो अभंग ध्वनिमुद्रिकेमुळे सर्वांत अधिक पोचला, तो ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ हा होय. चाल राम फाटकांची, कंठ पंडित भीमसेन जोशींचा, राग अहिरभैरव. रचनाकाराची खरी कसोटी या अभंगाच्या घडणीतच आहे; कारण तीर्थक्षेत्रापासून मातापित्यांपर्यंत आणि बंधुगोत्रापासून गुरूपर्यंत जे जे म्हणून आपले, त्या प्रत्येकापुढे एकच नाम येऊन उभे राहते, आणि एकच शब्द इतक्या वेळा आला असता साधारण चाल एकसुरी होऊन गळून पडते. फाटकांनी अहिरभैरवाचा आश्रय घेतला. त्या रागाच्या पूर्वांगात भैरवाचा कोमल ऋषभ आर्त उभा असतो आणि उत्तरांगात काफीचा कोमल निषाद त्याला ममतेने कुरवाळतो, त्यामुळे एकाच नामात भयचकित शरणागती आणि घरगुती जवळीक या दोन्ही वृत्तींना आपोआप जागा मिळते. भीमसेनांची मातृभाषा कानडी, जन्म गदगकडला. पण विठ्ठलाच्या नामातल्या जोडाक्षरावर क्षणभर दम धरून पुढचा ‘ल’ ज्या मोकळेपणी ते सोडून देतात, त्या ठिकाणी भाषेची सरहद्द उरत नाही. मी तो अभंग ऐकतो तेव्हा माझे अवधान तानांपेक्षा या एका उच्चाराकडेच अधिक असते.

राम फाटक पुणे आकाशवाणीचे. १९५३ साली सुरू झालेल्या त्या केंद्राने मराठी भावगीतावर आणि अभंगगायनावर केवढे उपकार केले आहेत, याचा हिशेब अजून कोणी पुरता मांडलेला नाही. याच फाटकांनी सुधीर मोघ्यांच्या ‘सखी मंद झाल्या तारका’ या गीताला चाल दिली. नभोवाणीवर ते आधी भीमसेनांनी गायिले, आणि पुढे सुधीर फडक्यांच्या आवाजात ते इतके रुजले, की पहिल्या आवाजाची आठवण आज जाणकारांनाच राहिली आहे. गीताचा पहिला गायक आणि गीताचा धनी या दोन गोष्टी एकच असतात असे नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतातही हाच अनुभव आहे: लेनर्ड कोहेन यांचे ‘हॅलेलुया’ १९८४ साली निघाले तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, १९९१ मध्ये जॉन केल यांनी आणि १९९४ मध्ये जेफ बक्ली यांनी ते पुन्हा गायिले, तेव्हा कुठे ते जगाचे झाले.

‘तीर्थ विठ्ठल’चेही असेच झाले. जयतीर्थ मेवुंडी भीमसेनांच्या अभंगांचा वारसा निष्ठेने चालवीत आहेत; आणि अरुणा साईराम यांनी हा अभंग कर्नाटक संगीताच्या सभांत नेऊन मराठीचा गंधही नसलेल्या श्रोत्यांना विठ्ठलनामात रंगविले आहे. अशा वेळी गळ्याचे वळण बदलते, लय आपल्या अंगाने चालू लागते, परंतु नामाचा जोर उणावत नाही. मूळ मुद्रिकेतली प्रत्येक हरकत जशीच्या तशी उतरवून दाखविणारे गायकही मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांची भक्ती मला मान्य आहे. त्यांचे गाणे मात्र मला नक्कल केलेल्या दस्तऐवजासारखे वाटते, ज्यात मजकूर सगळा असतो आणि सही नसते.

याच संदर्भात ग्रंथसाहिबाची योजना मला अतिशय मोलाची वाटते. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात पदाच्या शिरोभागी राग नोंदविला, ‘रहाउ’ या खुणेने ध्रुवपद दाखवून दिले, आणि चाल मात्र गायकाच्या विवेकावर सोपविली. आसा रागातल्या नामदेवांच्या एका पदात, देवाच्या स्नानासाठी घागर भरून आणावी तर त्या पाण्यात आधीच असंख्य जीव आहेत, फुले आणावीत तर भुंग्याने ती आधीच हुंगली आहेत, दूध आणावे तर वासराने ते उष्टे केले आहे, मग पूजा करावी कशाची, असा विचार येतो, आणि शेवटी इकडेतिकडे सर्वत्र विठ्ठलच आहे, त्याच्यावाचून हा संसारच नाही, या साक्षात्काराशी तो थांबतो. आपल्या अभंगातली अनुभूती नेमकी हीच. एकाच संताचा हा भाव एकीकडे पखवाजावर आणि दुसरीकडे रागी जथ्याच्या तबल्यावर आरूढ होतो, आणि दोन्ही ठिकाणी तो परका वाटत नाही.

ध्वनिमुद्रिकेने अशी मोकळीक ठेवली नाही. तिने राग, चाल, लय, श्वास सारेच कायमचे मुक्रर केले. आणि तिच्या लौकिकापुढे खेड्यापाड्यांतल्या जुन्या वारकरी चाली हळूहळू मागे सरल्या. एक जण चरण उचलतो, मागचे टाळकरी तो झेलतात, विलंबित लयीत सुरू झालेला अभंग ध्रुवपदापाशी दुणीत शिरतो, पखवाजावरचा हात तापतो आणि शब्द उरतात फक्त दोन अक्षरांचे, ही पद्धत कंधार-लोह्याकडच्या, औसा-निलंग्याकडच्या वृद्ध भजनकऱ्यांच्या गळ्यात अजून आहे. पण त्यांच्या मंडळातला तरुण मुलगा आता पेटी उघडताच भीमसेनांची चाल धरतो. त्यात भीमसेनांचा दोष काडीचाही नाही. त्या मुद्रिकेवर माझे निरतिशय प्रेम आहे. परंतु शतकानुशतकांच्या वहिवाटीने आलेल्या चाली एका सुंदर चालीपायी नामशेष व्हाव्यात, हे नामदेवांच्या मुलखाला शोभणारे नाही.

म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांनी या चालींचे दप्तर उभे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात गावाचे नाव, चालीची परंपरा आणि अभंगाचा पाठ यांची नोंद असावी, आणि त्याच्याच शेजारी हुजूर साहिबातल्या नामदेववाणीच्या गायनालाही जागा असावी. विद्यापीठ हालेपर्यंत वाचकांनी थांबू नये. आपल्या गावच्या मंडळात जो सर्वांत वयोवृद्ध टाळकरी असेल, त्याच्याकडून ‘तीर्थ विठ्ठल’ त्याच्या आजोबांच्या चालीत एकदा म्हणवून घ्यावा आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवावा; खिशातल्या फोनवर एवढे काम सहज होते.