बोट लागणे

मराठीतील 'लागणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. भूक लागते, ऊन लागते, दृष्ट लागते. आणि समुद्रावर गेलेल्या माणसाला बोट लागते. कोकणच्या आगबोटी इतिहासजमा झाल्या, तरी हा शब्दप्रयोग मागे उरला. त्यात सारा दोष बोटीच्या माथी मारून माणूस मोकळा होतो. इंग्रजांचा 'नॉशिया' हा मळमळीचा शब्दही ग्रीक 'नौस' म्हणजे जहाज यापासूनच निघाला. आणि हा 'नौस' व आपल्या संस्कृतातील 'नौ' ही एकाच कुळातील भावंडे होत.

वास्तविक अपराध बोटीचा नव्हे. आपल्या कानाच्या गाभ्यात शरीराचा तोल सांभाळणारे एक नाजूक इंद्रिय असते. खोलीत बसलेल्या उतारूचे डोळे सांगतात, 'भिंती स्थिर आहेत'. कान सांगतो, 'सारे हिंदकळत आहे'. या दोन साक्षीदारांच्या विसंगत जबान्यांनी मेंदू गोंधळतो आणि शिक्षा मात्र पोटाला होते. ज्यांच्या कानातील हे इंद्रिय पूर्णपणे निकामी झालेले असते, त्यांना बोट लागतच नाही.

तथापि लोक या व्यथेला भित्रेपणा समजतात, हा अन्याय आहे. ट्रफाल्गारचा विजेता नेल्सन बाराव्या वर्षी आरमारात शिरला आणि १८०५ साली युद्धनौकेवरच पडला. परंतु जोराचा वारा सुटला की आपण आजारी पडतो, हे त्याने पत्रांतून मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. डार्विन १८३१ च्या डिसेंबरात 'बीगल'वरून निघाला, तेव्हा पहिल्याच दिवसांत त्याला मनुक्यांवर गुजराण करावी लागली. १८३६ साली तो परतला, तोवर या व्यथेने त्याची पाठ सोडली नव्हती. या दोघांना भित्रे कोण म्हणेल?

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या शिडाच्या नौकेतून हिवाळ्यात मुंबईहून गोव्यास जाण्याचा योग आम्हांस आला. स्नेह्यांचा जन्म आरमारात गेलेला. पहिली रात्र सुखात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा चढला, लाटा मागून येऊन नौकेला कुशीवर लोळवू लागल्या आणि आमच्या कपाळाला गार घाम फुटला. पुढचे वर्णन वाचकांच्या भोजनवेळेचा विचार करून गाळतो. स्नेह्यांनी कीव केली नाही. आमच्या कमरेच्या पट्ट्याची कडी नौकेस अडकवली, दोन घोट पाणी पाजले आणि सुकाणूचे चाक हाती देऊन म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, त्या क्षितिजावरची नजर काढू नका. नाव आता तुमची." अर्ध्या तासात पोट शांत झाले. सुकाणू धरणाऱ्याला नाव पुढच्या क्षणी कुठे झुकणार हे अगोदर कळते. मग डोळा, कान आणि हात यांची एकवाक्यता होते.

रात्री पाळीवर असता त्यांनी खरे भय कशाचे ते सांगितले. ओकारीने सहसा कोणी मरत नाही; पण बोट लागलेला माणूस पाणी पीत नाही, गारठला तरी अंगावर काही घेत नाही, कठड्यावरून बेसावध वाकतो आणि 'आता काही का होईना' असे म्हणू लागतो. तिघांच्या नौकेवर असा एक जण म्हणजे तिसरा हिस्सा बळ गेले. म्हणून शहाणा तांडेल वारा वाढण्यापूर्वीच शीड आखडतो, शिधा शिजवून ठेवतो, आले व कोरडी बिस्किटे हाताशी ठेवतो. औषध घ्यायचे तर निघण्यापूर्वी, वैद्याला विचारून. कारण बहुतेकांनी झापड येते. त्यांतले एक तर अपघातानेच सापडले: १९४७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे अंगावर पित्त उठते म्हणून ते घेणाऱ्या एका बाईची ट्राममधील मळमळही थांबली. एवढे करूनही न निभावले, तर पुढचे शीड उलट्या बाजूस ताणून व सुकाणू बांधून नाव जवळजवळ जागीच ठेवतात. ती शांत होते आणि माणसांना विसावा मिळतो. दोनतीन दिवसांत बहुतेकांचे शरीर समुद्राला सरावते.

दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी, पावसाळा सरलेला नसताना, गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. अशा प्रवासात प्रकृती कशीही असो, 'आज तू सांभाळ' असे म्हणायला दुसरे माणूसच नसते. त्या धैर्याची थोरवी आम्हांस त्या दुपारनंतर अधिक कळली.

आपल्या घरांतून दुःखाने खचलेल्या माणसाला 'तू स्वस्थ पड, आम्ही पाहतो' असे प्रेमाने सांगण्याची रीत आहे. ज्वराच्या रोग्यास ते हितकर असेलही. परंतु काही व्यथा अंधाऱ्या खोलीत पडून वाढतात. अशा माणसाला उघड्यावर आणावे, पडणार नाही अशी दोरी त्याच्या कमरेस बांधावी आणि घरातले एखादे खरे काम त्याच्या हाती द्यावे. मात्र त्याच्या शेजारून हलू नये. आमचे स्नेहीही त्या दुपारभर हातभर अंतरावरच बसून होते.