मानेतली नळी

संमतिपत्र वाचताना हात थंड पडला. आईच्या मानेतल्या शिरेतून नळी थेट हृदयाजवळ जाणार. सुई फुप्फुसाला लागू शकते, शिरेऐवजी धमनीत शिरू शकते. सोनोग्राफीत शीर बघूनच टोचू, डॉक्टर म्हणाले. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही.

१९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरनं स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि ती तशीच ठेवून जिने उतरून एक्स-रे काढायला गेला. ते जिने माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. स्वतःच्या हृदयाची जोखीम घेता येते. आईच्या हृदयाची कोणत्या हक्कानं घ्यायची?

सही केली. आता ती विचारते, ‘ही कधी काढणार?’ राउंडला मीही रोज तेच विचारते. नळी जितके दिवस आत राहील तितकं जंतूंचं भय वाढतं.