रजामंदीचा कागद

शाळा सुटल्यावर मी आणखी एक काम करतो. नव्या औषधांच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांना जे संमतीपत्र देतात, ते इंग्रजीतून मराठीत आणि उर्दूत आणतो. काम एका एजन्सीकडून ईमेलवर येतं, शब्दाला ठरलेला दर मिळतो. माझा मजकूर मग दुसरा कुणी तरी, मूळ न बघता, परत इंग्रजीत करतो. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की काम पास.

अडचण इथेच आहे. 'प्लासिबो'साठी मी 'औषध नसलेली, पण दिसायला अगदी तशीच गोळी' असं लिहिलं. फाईल परत आली : शब्दसूचीप्रमाणे 'प्लासिबो'च ठेवा. 'रँडमायझेशन'ला सूचीत 'यादृच्छिकीकरण'. मी बीएड झालेला मराठीचा मास्तर, पण हा शब्द फळ्यावर लिहिताना मीही दोनदा थांबेन. उर्दूत 'कुरआ-अंदाजी' मात्र खपून गेलं. चिठ्ठ्या टाकणं घरोघरी ठाऊक असतं.

एका शब्दासाठी एवढं डोकं का लावायचं, असं बायको विचारते. मला तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम आठवतं. २००९ साली तिथल्या आणि गुजरातेत वडोद्याकडच्या शाळकरी मुलींना, त्यांत आदिवासी मुली पुष्कळ, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस अभ्यासापोटी दिली गेली. ओरड झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये ते थांबलं. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मांचा हिशेब आहे : २,७६३ फॉर्मांवर सही वसतिगृहाच्या वॉर्डनची. आई-बापांची नाही. तो आकडा वाचला तेव्हा मी शिक्षक म्हणून वाचला. मुलांच्या वतीने आपण किती कागदांवर सही करतो!

२०१९ च्या नियमांत लिहिलंय की माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचं, आणि वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. आपल्याला हे नवं वाटू नये. निकाहाच्या दिवशी वकील दोन गवाह घेऊन मुलीपाशी जातो, मेहर किती ते सांगून तिची रजामंदी विचारतो. (आमच्याकडे काही घरांत ती नुसती रडली तरी 'हो' धरतात. त्यावर पुन्हा कधी तरी लिहीन.)

तर एका रविवारी मी ठाकुरवाडीत गेलो. कर्जत-खालापुरात ठाकुरवाड्या बऱ्याच, ही आमच्याजवळची. तिथली एक मावशी पावसाच्या तोंडावर आमच्या दारी शेवळं घेऊन येते. गोपनीयतेचा करार असतो, म्हणून कंपनीचा कागद नेला नाही. कुठल्याही चाचणीत येतात तशी चार वाक्यं वहीत माझ्या शब्दांत लिहून नेली आणि ओटीवर बसून वाचून दाखवली.

"निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना नुसती गोळी. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं."

तिने शेंगा सोलायचं थांबवलं. "म्हंजे आजारी मानसाला खोटी गोळी?"

"आधीपासून चालू असलेला उपचार बंद करत नाहीत. नव्या औषधाने खरंच फरक पडतो का, ते बघायला असं करतात."

"मला कंची दिली, त्ये डाक्टरला तरी ठाव असल ना?"

"नाही. त्यालाही सांगत नाहीत. जिवावर बेतलं तरच उघडून बघतात."

ती बराच वेळ गप्प होती. इतक्या फाईली केल्या, पण डॉक्टरलाही ठाऊक नसणं माणसाला कसं लागेल, हे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. माझ्या मराठीत ते अर्ध्या ओळीत उरकलेलं असायचं.

मग ती म्हणाली, "अंगठा द्यायचा, तर मधी नाही म्हनता येतं का?"

"केव्हाही. कारणसुद्धा सांगायचं नाही. तरी दवाखान्यातलं नेहमीचं औषधपाणी बंद होत नाही."

"ह्ये पयलं सांगायचं व्हतं, मास्तर."

कागदात ते वाक्य बहुधा शेवटच्या पानांवर असतं. क्रम बदलायची मला मुभा नाही. तरी त्या रात्री एजन्सीला लिहिलं की हे वाक्य पहिल्या पानावर घेता येईल का, ते कंपनीला विचारा. उत्तर अजून आलेलं नाही.

निघताना मावशीने विचारलं, "असा कागद कंदी आला, तर साक्षीला तू येशील का?"

मी म्हटलं, "मला चालणार नाही, मावशी. मी त्यांचे पैसे घेतो."