नात्याचा रकाना

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑनलाइन फॉर्म भरत होतो. आपत्कालीन संपर्क म्हणून नानांचा नंबर टाकला. पुढे नातं निवडायचं होतं: आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. मी 'इतर' निवडलं आणि पुढच्या पानावर गेलो.

नाना मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ट्रेनिंग बेळगावला झालं, पुढे शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला जाऊन आले. तिथलं कधी बोलले नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की मात्र आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करायचे.

२००७ साली, चौथीत असताना, मी त्यांच्याकडे आलो. साताऱ्याजवळचं गाव. माझे वडील वारले होते, आईला मानसिक आजार होता. बालकल्याण समितीने बालसंगोपन योजनेत मला नाना-काकींकडे सोपवलं. हे दत्तक नव्हे. दत्तक मूल कायद्याने त्या घरचं होतं, त्याला वारसा मिळतो. संगोपनात मूल फक्त सांभाळायला दिलेलं असतं. अठरा पूर्ण झाली की योजना संपते.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'बाबा' म्हणालो. ते बुटांना पॉलिश करत होते. ब्रश न थांबवता म्हणाले, "नाना म्हण. बाबा आहेत तुला, फोटोत का होईना."

दर दुसऱ्या रविवारी ते मला एसटीने आईकडे न्यायचे. ती कधी ओळखायची, कधी नाही. नाना बाहेर बाकावर बसून राहायचे. परतताना काही विचारायचे नाहीत, खिडकीची जागा मला द्यायचे.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ते काकींनी दिलेला डबा घेऊन पुण्याला हॉस्टेलवर आले. रूममेटने विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "गावचे ओळखीचे." नाना दोन पावलांवर उभे होते. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, माझ्या चादरीची घडी सरळ केली आणि चारची गाडी आहे म्हणून निघाले.

त्याबद्दल मी कधीच माफी मागितली नाही. वर्षभराने मला अठरा पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी पत्र्याच्या काळ्या पेटीतून पोस्टाचं पासबुक काढून दिलं. योजनेचे तेव्हा महिन्याला ४२५ रुपये मिळायचे. नऊ वर्षांतला एकही हप्ता त्यांनी मोडला नव्हता. शाळेची फी, सायकल, चष्मा, सगळं पेन्शनमधून. मी म्हणालो, "हे तुमचेच आहेत की." म्हणाले, "सरकारने तुला दिले होते. मी नुसता पोचवतोय."

गेल्या वर्षी नाना गेले. मडकं कोण धरणार म्हणून कुजबुज सुरू झाली, तसा पुतण्या पुढे झाला. काकी म्हणाल्या, "पोरगा आहे की उभा." पुतण्याने मुकाट्याने मडकं माझ्या हातात दिलं. नंतर वारसांच्या यादीत माझं नाव आलं नाही. येणारच नव्हतं.

त्या रात्री व्हॉट्सअॅपवर नानांचा फोटो ठेवला. जुन्या रूममेटचा मेसेज आला: "डबा घेऊन आले होते तेच ना? तुझ्या गावचे?"

बराच वेळ टाइप करत होतो, खोडत होतो. शेवटी त्याला फोनच लावला. म्हटलं, "तेव्हा मी खोटं बोललो होतो," आणि चौथीपासून सगळं सांगितलं.