लोकांचें घर

स्वीडनचे पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन हे ऑक्टोबर १९४६ मध्यें एका रात्रीं ट्रॅममधून उतरतांना हृदयक्रिया बंद पडून वारले. स्टॉकहोमच्या ऑल्स्टेन या उपनगरांत, एका ओळींत बांधलेल्या साध्या घरांपैकीं एकांत ते राहत. तिकडेच ते परत चालले होते. राष्ट्राचा कारभारी इतर उतारूंत मिसळून घरीं येतो, ही गोष्ट आम्हांस तरुणपणीं इतकी भावली कीं, गेलीं पंचवीस वर्षें वर्गांत स्वीडनचा विषय निघाला म्हणजे आमचें व्याख्यान या ट्रॅमच्या थांब्यापासूनच सुरू होई.

त्यांचा जन्म १८८५ चा, माल्मेनजीकचा. वडील गवंडी, शाळा चार वर्षांत संपली, पुढें निरोप्याचें काम व दुकानांतील नोकरी. मग तरुण समाजवाद्यांची चळवळ, वर्तमानपत्र, १९१८ पासून पार्लमेंट, आणि १९२५ मध्यें ब्रांटिंग वारल्यावर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचें पुढारीपण. १९२८ च्या जानेवारींत त्यांनीं पार्लमेंटांत जें भाषण केलें, त्यांत राष्ट्राला घराची उपमा होती: चांगल्या घरांत कोणी लाडकें नसतें आणि कोणी सावत्रही नसतें, असा त्याचा आशय. ‘सावत्र’ हा शब्द मराठी कानाला किती बोचतो, हें सांगावयास नकोच.

उपमा देणारे पुष्कळ असतात. घर चालविणें निराळें. १९३२ मध्यें मंदीच्या ऐन भरांत सत्ता हातीं आली तेव्हां त्यांस बहुमत नव्हतें. शेतकऱ्यांच्या पक्षास लोण्याला व इतर मालाला भाव बांधून हवा होता. यांस बेकारांकरितां सरकारी कामें हवीं होतीं, आणि तींही बाजारभावाच्या पूर्ण मजुरीनें. स्वस्त अन्न हें तर मजुरांचें जुनें मागणें. तें पेर आल्बिन यांनीं बाजूस ठेविलें आणि १९३३ मध्यें देवघेव केली. लोकांनीं तिला ‘गाईचा सौदा’ म्हणून हिणविलें. आम्हांस मात्र यांतच त्यांची खरी थोरवी दिसते; तत्त्वाला मुरड घालतांना माणूस बहुधा आधीं स्वतःला फसवितो, यांनीं तसें केलें नाहीं. १९३६ च्या उन्हाळ्यांतील कांहीं महिने सोडल्यास ते मरेपर्यंत पंतप्रधान राहिले.

युद्धांत १९४० ते १९४३ पर्यंत जर्मन सैनिकांस स्वीडनच्या रेल्वेनें ये-जा करूं दिली, हा त्यांच्यावरील मोठा आक्षेप. शेजारचा नॉर्वे पडलेला असतां दुसरें काय करतां आलें असतें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

गेल्या वर्षीं हें सारें सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पण घरांत निर्णय कोण घेतें?”

आम्ही गप्प झालों. कारण १९३४ चा कायदा आम्हांस ठाऊक होता आणि आम्हीं तो वर्गांत कधींच सांगितला नव्हता. ज्यांस समज नाहीं असें ठरेल, त्यांची संततिक्षमता त्यांच्या संमतीवांचून शस्त्रक्रियेनें नष्ट करण्याची त्यानें मुभा दिली. १९३५ ते १९७५ पर्यंत सुमारें ६३,००० माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुतेक स्त्रिया. कांहींनीं ती स्वतः मागून घेतली हें खरें. पण संस्थेंतून सुटका हवी तर सही कर, अशीही संमति असे. कायदा कोणा एका पक्षाचा हट्ट नव्हता, पण सरकार पेर आल्बिन यांचें होतें. नुकसानभरपाईचा कायदा व्हावयास १९९९ उजाडलें.

आमच्या लहानपणीं घरांत एक विधवा आत्या होत्या. त्यांचें दुखलेंखुपलें वडील जातीनें पाहत, आणि घरांत माया नव्हती असें कोणीही म्हणूं नये. परंतु त्यांनीं कोठें राहावें, काय नेसावें, शिकावें कीं नाहीं, हें त्यांना विचारून ठरल्याचें आम्हांस आठवत नाहीं. वडिलांनीं त्यांस सावत्र मानलें नव्हतें.

यंदा टिपणें पुन्हा काढून बसलों आहों. ट्रॅमच्या थांब्यापासून आरंभ करावा कीं त्या मुलीच्या प्रश्नापासून, हें अद्याप ठरत नाहीं. तास उद्यां सकाळीं आहे.