खाऊन टाक

‘टाक’ एकटं असतं तेव्हा साधंसुधं काम करतं. चहात साखर टाक, कपडे वाळत टाक. दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी उभं राहिलं, की त्याचा खरा स्वभाव कळतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात आई म्हणते, ‘एवढी भाजी खाऊन घे,’ तेव्हा तिला लेकराच्या पोटाची काळजी असते. ‘एवढी भाजी खाऊन टाक’ म्हणते, तेव्हा तिला पातेलं घासायला काढायचं असतं.

रेंगाळणं ‘टाक’ला खपत नाही. बिल भरून टाक, मनात आहे ते बोलून टाक, जुनी स्कूटर विकून टाक. नकाराशी त्याचं फारसं जमत नाही. भाजी उरली तर आपण ‘खाल्ली नाही’ म्हणतो, ‘खाऊन टाकली नाही’ असं सहसा म्हणत नाही. काम झालंच नसेल, तर टाक तिथं थांबत नाही. किती पक्का बाणा हा!

दाराबाहेर त्याचे भाऊबंद भेटतात. हिंदीत ‘कर डाल’, छत्तीसगडीत ‘कर डार’. याच छत्तीसगडीचं पहिलं व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये लिहिलं आणि भाषाअभ्यासक ग्रिअर्सननं त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० मध्ये छापला. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, पुढं ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. भाषांमधली ही ये-जा इथं जुनीच आहे.

इंग्रजीत टाकचं काम ‘अप’ आणि ‘ऑफ’ करतात: ‘ईट अप’, ‘फिनिश ऑफ’. मुलांच्या इंग्रजीच्या गाइडमध्ये ‘फिनिश ऑफ’पुढं ‘कम्प्लीट’ असा समानार्थी शब्द छापलेला असतो. अर्थ चुकीचा नाही, पण उरलंसुरलं एकदाचं संपवल्याचा सुटकारा त्यात नाही. तो ‘संपवून टाक’मध्ये आहे. आणि प्रत्येक ठिकाणी टाक चालत नाही. ‘राइट डाउन’ला ‘लिहून घे’ किंवा ‘लिहून ठेव’च हवं. ‘लिहून टाक’ म्हटलं, की कटकट मिटवण्याची घाई आली.

रायपूरच्या मराठी आईबाबांना माझी विनंती आहे. मूल ‘ईट अप’सारख्या फ्रेझल व्हर्बची यादी पाठ करत बसलं, तर ‘हे आपण घरी कसं म्हणू?’ असं त्याला विचारा. टाक, घे, दे, ठेव यांतलं नेमकं कोणतं, तेही त्यालाच ठरवू द्या.